'आणि' निवडलं की निकाल शून्य: हर्बेरियमच्या सर्चसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एका कॉलेजच्या हर्बेरियमचा, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा, डेटाबेस करतोय. नोंदी भरून झाल्यात. घोडं अडलंय अ‍ॅडव्हान्स्ड सर्चपाशी.

पहिल्या फॉर्मात चौदा रकाने होते आणि मधे आणि/किंवा/नाहीचे ड्रॉपडाउन. परवा बॉटनीच्या मॅडम वापरून बघत होत्या. ठिकाण 'खंडाळा', मग 'आणि', मग 'महाबळेश्वर'. निकाल शून्य! "अहो, दोन्हीकडचे आहेत, मीच आणलेत," म्हणत त्यांनी कपाटातून गठ्ठाच काढून समोर ठेवला. चूक त्यांची नव्हतीच. 'खंडाळा आणि महाबळेश्वरचे नमुने दाखवा' असंच आपण बोलतो. मशीन मात्र एकच नमुना दोन्ही गावांचा आहे का ते शोधत बसतं.

म्हणून ते ड्रॉपडाउन काढून टाकले. आता एकाच रकान्यात दोन-तीन टिक केल्या तर 'किंवा', वेगवेगळ्या रकान्यांत 'आणि'. जीबीआयएफ या जगभरच्या जैवविविधता नोंदींच्या साइटवरही असंच आहे. बहुतेकांचं यात भागतं. पण 'कोकणातली गवतं, किंवा कुठलीही पण 1950 आधीची' असं कुणी मागितलं की गाडी अडते. पबमेडसारखा (ती वैद्यकीय शोधनिबंधांची सर्च साइट) एकेक अट जोडत जायचा बिल्डर द्यावा, तर तिथे अटी डावीकडून उजवीकडे लागतात, त्यामुळे कंस चुकला की अर्थ बदलतो. आमच्याकडे कंस कोण मोजणार?

दुसरी डोकेदुखी नावांची. बाभळीच्या जुन्या लेबलांवर अकेशिया अरेबिका किंवा अकेशिया निलोटिका आहे, आता नाव वॅचेलिया निलोटिका. (2005 च्या व्हिएन्नातल्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये 'अकेशिया' हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं, तेव्हापासूनचा हा घोळ.) जुनी नावं गुपचूप धरली तर विद्यार्थी विचारतात, "सर, हे भलतंच कसं आलं?" पबमेड आपण काय धरलं ते दाखवतं, पण अ‍ॅडव्हान्स्ड पानावर, डीटेल्समध्ये. तिथवर कोण जातं? मी निकालांच्या डोक्यावरच 'जुनी 2 नावंही धरली आहेत' अशी पट्टी आणि शेजारी ती नावं वगळायला फुली द्यावी म्हणतोय.

कुणी असं काही केलंय का? लोक ती फुली खरंच वापरतात, की पट्टी नुसती जागा खाते? आणि 'किंवा'चे गट कंसांशिवाय कसे दाखवता? पानावर मी एकटाच काम करतोय, पोस्टग्रेस डेटाबेस आणि साधं जावास्क्रिप्ट. सध्याच्या फॉर्मचे स्क्रीनशॉट हवे असतील तर टाकतो.