गाडी कमी होती, मान्य. पण रांग कुणी विकली?

जुळे सोलापूर
परवा इथं एकानं लिहिलं की २०२१-२२ ला गाड्यांचा तुटवडा होता, शोरूमवाल्यांनी चार पैसे जास्त काढले तर बिघडलं काय. शेवटचं वाक्य असं होतं: "कांदा महागला की गप्प घेता, गाडी महागली की रडता." ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून सगळंच लिहितो.

कांद्याचा लिलाव मार्केट यार्डात चार माणसांसमोर होतो, भाव सगळ्यांना ऐकू येतो. माझ्या गाडीचा एक्स-शोरूम भाव जो कंपनीनं जाहीर केला तोच कोटेशनवर होता. जे वाढलं ते दुसऱ्या कागदावर.

ऑगस्ट २०२१ मध्ये पेट्रोलची लहान एसयूव्ही बुक केली. पांढरी, मधला व्हेरियंट. ११ हजार भरले. दसऱ्याला देतो म्हणाले. दसरा गेला, दिवाळी गेली. तुटवडा खोटा होता असं मी कधीच म्हटलं नाही. लॉकडाऊनमध्ये कार कंपन्यांनीच चिपच्या ऑर्डरी कमी केल्या, ती जागा लॅपटॉप-मोबाईलवाल्यांनी घेतली, वर मार्च २०२१ ला जपानमध्ये चिप बनवणाऱ्या रेनेसास कंपनीच्या कारखान्याला आग लागली. मारुतीनं तर सप्टेंबर २०२१ चं उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांवर येईल असं आधीच जाहीर केलं होतं. हे सगळं वाचून मी गप्प बसलो.

फेब्रुवारीत आमच्याच गल्लीत तीच गाडी आली. तोच व्हेरियंट, तोच रंग, तेच शोरूम. शेजाऱ्यानं बुकिंग केलं होतं जानेवारीत. पाच आठवड्यांत गाडी दारात. मी पेढा खाल्ला आणि बिल बघायला मागितलं. ५२ हजारांचं किट होतं: सीट कव्हर, मॅट, डोअर व्हायझर, साइड बीडिंग, टेफ्लॉन, अंडरबॉडी कोटिंग. इन्शुरन्सही तिथलाच. त्याला सेल्सवाल्यानं सरळ सांगितलं होतं, "फुल पॅकेजवाल्यांना आधी देतो."

मला गाडी मिळाली ३ मे २०२२ ला, अक्षय तृतीयेला. २८ हजारांचं किट घेतल्यावर. नाही घेतलं तर "पुढच्या लॉटमध्ये बघू". दरम्यान कंपनीनं दोनदा भाव वाढवला, तो मी भरला. डिलिव्हरीच्या दिवशीचा भाव लागतो हे बुकिंग फॉर्मवरच छापलेलं असतं, त्याबद्दल चकार शब्द नाही. माझं म्हणणं रांगेबद्दल आहे. मी रांगेत उभा होतो आणि माझी जागा मला न सांगता विकली.

मार्केट यार्ड
ती पोस्ट माझी. मी शोरूमवाला नाही, आडत दुकान आहे माझं, म्हणून कांद्याचं उदाहरण दिलं.

माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त असलं की मधला फरक कुणीतरी खाणारच. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० चं बुकिंग ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी उघडलं आणि ५७ मिनिटांत २५ हजार गाड्या संपल्या. एवढी मागणी असताना कंपनी भाव धरून ठेवते. मग फरक शोरूमनं नाही घेतला तर बुक करून वर पैसे घेऊन गाडी विकणारा घेतो. त्या दिवसांत शोरूम रिकामी होती. भाडं, पगार, बँकेचं व्याज चालूच. त्यांनी काय करायचं?

आणि तुम्ही पांढऱ्याचाच हट्ट धरला ना? दुसरा रंग आला होता का, तेही लिहा.

बार्शी लाईट
लिलाव सगळ्यांसमोर होतो म्हणून न्याय होतो असं जुळे सोलापूर यांनी समजू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्यानं याच सोलापूरच्या यार्डात ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, भाडं कापून हातात आले २ रुपये. त्याचाही चेक, पुढच्या तारखेचा. पेपरात सगळ्यांनी वाचलंय. शेतकऱ्याचा माल जास्त झाला तरी कापणार, गाडी कमी झाली तरी गिऱ्हाइकाचं कापणार. आडतवाल्यानं कांद्याचं उदाहरण देऊच नये.

मार्केट यार्ड
आवक वाढली की भाव पडतो, तो मी पाडत नाही. वेगळा विषय काढा, तिथं बोलतो.

फ्लोअरवर सहा वर्षं
मी शोरूममध्ये सेल्सला होतो, होटगी रोडच्या शोरूमला नाही आणि आता कुठंच नाही, म्हणून बोलतो.

आधी शोरूमची बाजू. कुठला रंग, कुठला व्हेरियंट किती येणार हे कंपनी ठरवते. १२ पांढऱ्यांचं बुकिंग असताना ट्रकमधून दोन पांढऱ्या, तीन ग्रे आणि कुणी न मागितलेली एक निळी उतरायची. निळी घेणारा उद्या नेतो, त्याला रांग मोडली म्हणत नाहीत.

पण पांढरीला पांढरी असताना मागचा पुढं घेतला असेल तर ते पैशासाठीच. आम्हाला गाडीमागं मिळायचं थोडं, किट आणि इन्शुरन्सवर मिळायचं खरं. सकाळच्या मीटिंगला फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढं दोन आकडे असायचे, पॉलिसी किती आणि ॲक्सेसरीज किती. गाड्यांचा आकडा मॅनेजर विचारायचाच नाही, कारण गाड्या नव्हत्याच. ज्याचं किट शून्य त्याची फाईल खाली जायची. मी स्वतः खाली सरकवल्यात.

अजून एक. बाहेरून पॉलिसी काढतो म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, फक्त चॅसिस नंबर द्यायचा नाही. चॅसिस आणि इंजिन नंबर मिळाल्याशिवाय बाहेरची पॉलिसी निघत नाही. "गाडी अलॉट झाली की देतो" म्हणायचं आणि पासिंगच्या आदल्या संध्याकाळी सांगायचं, "सर, आता वेळ नाही, आपलीच काढू."

जुळे सोलापूर
ग्रे डिसेंबरात आली होती. मी नाही म्हणालो. तेवढा उशीर माझ्यामुळं, लिहून घ्या. फेब्रुवारीतली पांढरी मात्र माझी होती.

सात रस्ता
खरं दुखणं कुणी बोलत नाही, ते म्हणजे मुहूर्त. दसरा, पाडवा, अक्षय तृतीया. ज्याला तारखेलाच गाडी पाहिजे त्याच्याकडून काहीही निघतं, हे शोरूमवाल्याला पाठ आहे. तुम्ही स्वतः घेतली कधी? अक्षय तृतीयेला.

मी सप्टेंबर २०२२ ला पितृपक्षात गेलो. शोरूममध्ये मी आणि झाडू मारणारे मामा. किट नको म्हटलं, दोन मिनिटांत खोडलं. पॉलिसी बाहेरची, चॅसिस नंबर व्हॉट्सॲपवर. अंधश्रद्धेला किंमत मोजावी लागते, ती मोजायची आणि मग लुटलं म्हणायचं.

पूर्व भाग
अंधश्रद्धा हा शब्द जपून वापरा.

माझे वडील ३१ वर्षं यंत्रमागावर होते. खंडेनवमीला कारखान्यात मागाची पूजा व्हायची. एरवी कधीही न थांबणारा माग त्या दिवशी झेंडू लावून उभा असायचा. आमच्या घरात पहिली गाडी घ्यायची ठरली तेव्हा ते एवढंच म्हणाले, दसऱ्याला आणा.

१५ ऑक्टोबर २०२१. सकाळी साडेदहाची वेळ दिली होती. आम्ही सहा जण नवे कपडे घालून बसलो. गाडी दिली रात्री पावणेअकराला, मागच्या यार्डात, एका ट्यूबलाईटखाली. हार, केक, मोठी पुठ्ठ्याची चावी, फोटो, सही. वडील आपल्या उपरण्यानं बॉनेट पुसत होते. सकाळी उन्हात बघितलं तर मागच्या बंपरचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा एक छटा फिका. हात फिरवला तर कडेला रंगाचे बारीक दाणे लागत होते. तो बंपर परत रंगवलेला होता. गेलो तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही बघून सही केलीय."

आता सांगा, चूक दसऱ्याची का रंगवलेला बंपर अंधारात देणाऱ्याची?

सात रस्ता
वडिलांबद्दल मी काही बोललो नाही. पण रात्री पावणेअकराला सही केली कशाला? कारण दसरा संपत होता. दुसरा दिवस असता तर म्हणाला असता, उद्या उजेडात बघतो.

अक्कलकोट रोड
का बे, माणूस सण करतो म्हणून त्याला खराब माल द्यायचा का? गड्ड्याच्या जत्रेत पण गर्दी असते, म्हणून पाळणेवाल्यानं नट ढिला ठेवला तर तू लोकांनाच म्हणणार, गर्दीत कशाला गेलाव?

सात रस्ता
"बे" घरी वापरा.

अक्कलकोट रोड
सोलापुरात राहून "बे" चालत नसेल तर पुण्याला जावा. तिकडूनच गाडी घ्या.

बार्शी लाईट
पुण्याला मी गेलो होतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात टॅक्स तोच, किट पण तेच. शिवाय जाऊन-येऊन ५०० किलोमीटर. शुभ दिवस धरला म्हणून हसणाऱ्यांना एक विचारतो, तुम्ही घराची वास्तुशांत अमावस्येला केली का?

फ्लोअरवर सहा वर्षं
सात रस्ता यांचं एक खरं आहे. दसऱ्याच्या दिवशी आम्ही गाड्या तपासून देत नव्हतो. एका माणसाकडं वीस-बावीस डिलिव्हऱ्या, धुवायला दोन पोरं. ट्रकमध्ये घासलेली गाडी कंपनीला कळवून बाजूला ठेवायची असते. तुटवड्यात बाजूला ठेवायला कुणी तयार नव्हतं, दुसरी कधी येईल ते माहीत नव्हतं. मग रंगवायची आणि रात्री द्यायची. दिवसा नाही. ताई, तुमची गाडी रात्रीच का दिली ते यात आलं. वाईट वाटतं लिहिताना.

पूर्व भाग
चार वर्षांनी का होईना कुणीतरी कबूल केलं. वडील आता नाहीत. त्यांना बंपरचं मी शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं.

सात रस्ता
अंधश्रद्धा शब्द मागे घेतो. घाई नडते, एवढं मात्र मागे घेणार नाही.

कोर्टाच्या पायरीवर
मी ग्राहक आयोगात प्रॅक्टिस करतो. एक वस्तू पाहिजे तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार निर्बंधात्मक व्यापार पद्धत आहे. तुटवडा हा त्याला बचाव नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी शून्य. त्यावरच्या रकमेला लागते, पण गाडीच्या मानानं किरकोळ. पॉलिसी कुठून घ्यायची ते गिऱ्हाईक ठरवणार, डीलर सक्ती करू शकत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीची नंबरप्लेट गाडीच्या किमतीतच धरलेली आहे, तरी ८०० रुपये वेगळे लावलेली बिलं माझ्याकडं येतात. १० लाखांच्या वरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतलेला आयकर, लावतात, तो रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो. तो मात्र लूट समजू नका.

अडचण एकच. "नाही घेतलं तर गाडी नाही" हे सगळे तोंडी सांगतात. लोक माझ्याकडं किटचं सही केलेलं बिल घेऊन येतात, त्यावर लिहिलेलं असतं "ग्राहकाच्या मागणीनुसार".

मार्केट यार्ड
किट बिलावर दाखवून घेतलं तर मी अजूनही त्याला धंदाच म्हणतो. रंगवलेला बंपर धंद्यात बसत नाही. आणि फाईल खाली सरकवली तर गिऱ्हाइकाला सांगून सरकवायला पाहिजे होती, इतपत जुळे सोलापूर यांचं मान्य. यापुढं नाही.

बाळे नाका
जुन्या गोष्टी काय घेऊन बसलाव, आत्ता तेच चालू आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ झाला आणि लहान गाड्यांवर झुंबड. माझी शनिवारी डिलिव्हरी. चॅसिस नंबर तीनदा मागितला, "अलॉट झाली की देतो" म्हणतात. किट ३४ हजार. काय करू?

फ्लोअरवर सहा वर्षं
फोन करू नका, मेल करा. तीन ओळी: पॉलिसी बाहेरची काढणार आहे, चॅसिस व इंजिन नंबर आज द्यावा, किट नको. कंपनीच्या ग्राहक सेवेला सीसी. उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर त्याच मेलवर टाका. आणि शनिवारी दुपारी चारच्या आत गाडी उन्हात उभी करून बघितल्याशिवाय सही नाही.

पूर्व भाग
बंपरच्या कडेवर हात फिरवा.

बाळे नाका
मेल सकाळी टाकला. दुपारी दीड वाजता नंबर आला. बाहेरची पॉलिसी १४ हजारांनी स्वस्त पडतेय. किटचं अजून काही बोलले नाहीत. शनिवारी वडिलांना घेऊन जातो, दुपारीच.