चालत्या अँब्युलन्समध्ये ईसीजीची रेघ थरथरते, घामाने इलेक्ट्रोड सुटतात. मदत हवी आहे

खडकवासल्याकडून सिंहगड रस्त्याने शहरात येताना रंबलर आणि खड्ड्यांवर मॉनिटरची रेघ इतकी नाचते की व्हीएफ (हृदयाची जीवघेणी थरथर) आहे की गाडीचे धक्के, हेच कळत नाही. छातीत दुखणारा रुग्ण घामाने निथळत असला की इलेक्ट्रोड दहा मिनिटांत सुटतात. फिल्टर लावला की रेघ स्वच्छ होते, पण मग १२ लीडच्या (बारा बाजूंनी काढलेल्या पूर्ण ईसीजीच्या) कागदावर एसटी (ठोक्याच्या टोकानंतरचा रेघेचा भाग; तो वर जाणं ही हार्ट अटॅकची खूण) वर गेलेला दिसतो आणि हॉस्पिटलच्या ईसीजीत तो नसतो. केबल बदलून झाली. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १

आधी रुग्णाकडे बघा, मग पडद्याकडे. व्हीएफमध्ये माणूस बोलत नाही, नाडी लागत नाही. तो बोलतोय, पल्स ऑक्सिमीटरची लाट एकसारखी येतेय, तर ते धक्केच. थरथरीतूनही क्यूआरएसची, म्हणजे प्रत्येक ठोक्याची, टोकं डोकावतात. पण बेशुद्ध असेल आणि श्वास नीट नसेल, तर नाडी शोधण्यात १० सेकंदांपेक्षा जास्त घालवू नका, लगेच कॉम्प्रेशन (छातीवर दाब देणं) सुरू करा.

आता इलेक्ट्रोड. खरी चूक बहुतेक वेळा इथेच असते. घाम पुसा, केस असतील तर काढा, कोरड्या गॉजने दोन-तीनदा जरा जोराने घासा. स्पिरिट लावलंत तर ते पूर्ण वाळू द्या. वायर इलेक्ट्रोडला आधी अडकवा, मग चिकटवा. मधोमध दाबायचं नाही! जेल कडेला पसरतं आणि चिकटपणाच जातो; बोट गोल कडेने फिरवायचं. पाकीट फोडून गाडीत उघडं ठेवलं तर एप्रिलच्या उन्हात जेल वाळतं. बोटाला ओलसर लागलं नाही तर टाकून द्या.

प्रतिसाद २

कुठलं इलेक्ट्रोड सैल आहे हे कागदच सांगतो. लीड १ आणि २ बिघडले, ३ स्वच्छ: उजवा हात, लाल वायर. १ आणि ३ बिघडले: डावा हात, पिवळी. २ आणि ३: डावा पाय, हिरवी. सगळेच बिघडले तर काळी वायर (उजवा पाय) आधी तपासा. रेघ जाड आणि बारीक दातेरी दिसली तर ती ५० हर्ट्झची वीज. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा.

एसटीचं कारण तुमच्या प्रश्नातच आहे. मॉनिटर मोडचा फिल्टर साधारण ०.५ ते ४० हर्ट्झ ठेवतो आणि खालची मर्यादा वर गेली की एसटी खोटाच वर-खाली होतो. १२ लीड नेहमी डायग्नोस्टिक मोडवर, ०.०५ ते १५० हर्ट्झ. त्या मोडमध्ये धक्के जास्त दिसणार, म्हणून गाडी कडेला घ्या, रुग्णाला हात सैल सोडायला सांगा आणि १० सेकंद थांबून काढा. शक्यतो जागेवरच, गाडी हलण्याआधी. खोट्या एसटीवर कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) तयार करायला लावण्यापेक्षा हे थांबणं परवडतं.

मूळ प्रश्नकर्ता

काळी वायर पोटावरून स्ट्रेचरच्या पट्ट्याखाली जाते, धक्का बसला की ताणली जाते. बहुधा तेच. छातीची इलेक्ट्रोड मात्र पुसूनही सुटतात, विशेषतः डाव्या बाजूची व्ही४ ते व्ही६.

प्रतिसाद १

तिथे वायरचं वजन इलेक्ट्रोडला ओढतं. प्रत्येक वायरचा छोटा वळसा करून इलेक्ट्रोडपासून चार बोटांवर टेपने चिकटवा, म्हणजे ओढ टेपवर पडेल. केबलचं जाड टोक गादीवर ठेवा, पट्ट्याखाली नको. व्ही४ पाचव्या बरगडी-फटीत, कॉलरबोनच्या मध्यरेषेवर. व्ही५, व्ही६ त्याच आडव्या रेषेत. स्त्री रुग्णाला स्तनाखाली लावा, वर नाही.