मदत हवी आहे: ट्रक कँपरचं छत गळतंय, वरून लेप द्यावा की उघडून बघावं?

मंडळी, टॅकोमाला (वॉशिंग्टन राज्य) राहतो. गेल्या वर्षी जुना ट्रक कँपर घेतला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पिकअपच्या हौद्यात बसवायची खोली. तिचा पुढचा भाग ड्रायव्हरच्या टपावर येतो आणि तिथे झोपायची जागा असते. आमचा २००६ चा आहे. सांगाडा लाकडी, भिंती फायबरग्लासच्या, छत ईपीडीएम रबराचं.

ऑक्टोबरमध्ये होह रेनफॉरेस्टला गेलो होतो. तिथे वर्षाला १४० इंचांच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे हौस आमचीच. तिसऱ्या सकाळी गादीचा पुढचा डावा कोपरा ओला आणि कुबट वास. घरी येऊन गादी उचलली, खालच्या प्लायवूडवर अंगठा दाबला तर तो आत गेला. तेव्हा पोटात गोळा आला.

वर चढून पाहिलं. आधीच्या मालकाने जिथे फट दिसेल तिथे सिलिकॉन चोपडलेलं. मी त्याच्यावरच डायकॉर कंपनीचं सेल्फ-लेव्हलिंग सीलंट (आपोआप सपाट पसरून फट बुजवणारा लेप) ओतलं. महिन्याभरात दुधावरची साय निघावी तसा अख्खा पट्टा हातात आला. एका गॅरेजवाल्याने पूर्ण छत बदलायला सांगितलंय. खर्च कँपरच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त.

बाबा राजापूरला असतात, त्यांनी जन्मभर कौलं चाळली. ते फोनवर म्हणाले, "पाणी टपकतं तिथे भोक शोधू नकोस, ते वाशावरनं चालत येतं." पण इथे वासे झाकलेले! गळतीचं मूळ शोधायचं कसं? अख्ख्या छतावर रबराचा नवा लेप दिला तर भागेल का?

कोकण्या: आमच्या पत्र्याला दर मे महिन्यात डांबर लावतो. स्वस्त आणि मस्त.

सुतारपक्षी: कोकण्या, पत्र्याला ठीक आहे, ईपीडीएमला डांबर अजिबात नको. पेट्रोलियमच्या पदार्थांनी हे रबर फुगतं आणि सुटतं. धुवायलासुद्धा साधा सौम्य साबण वापरा.

धागाकर्ते, आधी एक शंका दूर करा. टपावरच्या जागेत दोघं झोपता, रात्रभराचा श्वास थंड प्लायवूडवर जमतो आणि गादी खालून ओली होते. त्याला गळती समजून लोक उगाच छत उकलतात. पण तसं असतं तर सगळी गादी थोडीथोडी दमट झाली असती. एकच कोपरा भिजलाय आणि लाकूड कुजलंय, म्हणजे पाणी बाहेरूनच येतंय, आणि तेही बऱ्याच वर्षांपासून.

दुसरं, छताला लगेच फाशी देऊ नका. कँपरच्या कपाळावर ५ नारिंगी दिवे असतात ना? गाडी महामार्गावर धावते तेव्हा पाऊस त्यांच्यावर आडवा आणि जोरात आपटतो. ते दिवे, पुढची खिडकी आणि कोपऱ्यांवरच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या हे माझे पहिले संशयित. पट्टीतली प्लॅस्टिकची फीत ओढून काढा. आतले स्क्रू गंजले असतील तर पाणी तिथून जातंय.

आणि ते सिलिकॉन! त्याच्यावर काहीच चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून पूर्ण काढावं लागेल. कंटाळवाणं काम आहे, पण त्याशिवाय वरून कितीही महाग लेप द्या, तुमची सायच निघणार.

रविवारचा_भटक्या: शोधायची युक्ती सांगतो. छतावरच्या हवेच्या झरोक्यात बाहेरची हवा आत ढकलणारा पंखा बसवा, बाकी खिडक्या, झरोके, नाल्या चिकटपट्टीने बंद करा. मग बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. जिथे बुडबुडे येतील तिथे फट. पाइपने पाणी मारून बघायचं असेल तर खालून वर जा, नाहीतर वरचं पाणी ओघळून सगळाच गोंधळ होतो. लाकडातली ओल मोजायचं छोटं मीटरही घ्या. २० टक्क्यांच्या वर आकडा दिसला तर तिथे गडबड आहे.

पर्णकुटी: सरळ ताडपत्री बांधून ठेवा की हिवाळाभर.

सुतारपक्षी: वाऱ्याने ताडपत्री फडफडते आणि तिच्या कडा रबर घासून काढतात. शिवाय आतली ओल आतच कोंडते. चारी बाजूंनी मोकळी शेड मिळाली तर सोनं.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. पंख्याचा प्रयोग केला. छतावर एकही बुडबुडा नाही! कपाळावरच्या डावीकडून दुसऱ्या दिव्याभोवती मात्र फेस आला. दिवा काढला तर मागचं सील हातात चुरा होऊन पडलं, आणि आतलं लाकूड चहाच्या चोथ्यासारखं. तिथून पाणी आडव्या दांडीवरून कोपऱ्यापर्यंत चालत जात होतं. बाबांना फोटो पाठवला. त्यांनी उत्तरात फक्त अंगठा दाखवला.

पाचही दिव्यांमागे नवी ब्यूटिल टेप (चिकट रबराची पट्टी) लावतोय. पण कुजलेलं लाकूड किती कापायचं? वरून इपॉक्सी (वाळून कडक होणारं राळेसारखं रसायन) ओतून घट्ट केलं तर चालेल?

सुतारपक्षी: टोचणी आत जाते तिथपर्यंत कापायचंच, आणि पुढे चार बोटं जास्त. इपॉक्सी फक्त कडेच्या कोरड्या, थोड्याशा मऊ झालेल्या भागाला. नवं लाकूड बसवण्याआधी सांगाडा उघडा ठेवून हीटर लावा, मीटर १५ च्या खाली येईपर्यंत बंद करू नका. दिव्यांच्या कडेला सेल्फ-लेव्हलिंग नको, उभ्या जागी ते ओघळतं. न ओघळणारं वेगळं मिळतं. आणि गाडी उभी कराल तेव्हा पुढचे जॅक थोडे वर ठेवा, म्हणजे पाणी मागे वाहून जाईल, कपाळावर येणार नाही.

धागाकर्ता: आज मीटर २६ दाखवतंय. हीटर चालू आहे, गादी दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभी आहे, आणि ती कधी हलणार हे घरात रोज विचारलं जातंय. १५ झालं की इथे कळवतो.