टोरंटो ते व्हँकुव्हर रेल्वेने: आईबाबांसाठी बर्थ की केबिन?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): सप्टेंबरात आईबाबांना ‘कॅनेडियन’ गाडीने न्यायचं आहे. दोघंही साठीपुढचे, शाकाहारी. आईचे गुडघे दुखतात. स्लीपर प्लस या झोपायच्या वर्गात बर्थ स्वस्त पडते, ती चालेल का? गाडी पाचव्या दिवशी सकाळी पोचते, तर त्याच संध्याकाळचं परतीचं विमान काढू का? रॉकी पर्वतातलं बान्फ वाटेत लागतं ना?

उत्तर १: त्याच दिवशीचं विमान? नको भाऊ. अंतर ४,४६६ किमी, चार रात्री, आणि बहुतेक रूळ सीएन या मालवाहतूक कंपनीचे. बराच मार्ग एकेरी आहे. काही मालगाड्या तीन किमीपेक्षाही लांब असतात, त्या लूप लाईनमध्ये, म्हणजे गाडी बाजूला घ्यायच्या जोडरुळावर, मावतच नाहीत. म्हणून समोरून मालगाडी आली की प्रवासी गाडीच लूपमध्ये जाऊन थांबते. आपल्याकडे राजधानीसाठी मालगाडी बाजूला काढतात, तिथे उलटं. वेळापत्रकात मोकळा वेळ धरलेला असतो, तरी कित्येक तासांचा उशीर सहज होतो. व्हँकुव्हरला एक अख्खा दिवस हाताशी ठेवा.

बान्फ विसरा. जानेवारी १९९० पासून ही गाडी कॅल्गरी-बान्फ सोडून एडमंटन-जास्परवरून जाते.

उत्तर २: गुडघे दुखत असतील तर दोघांची केबिन घ्या. तिच्यात स्वतःचं टॉयलेट आणि बेसिन असतं. झोपायची जागा मात्र खाली-वर, म्हणजे शिडी कोण चढणार ते घरीच ठरवा. बर्थला फक्त पडदा. खालची रुंद आणि खिडकीची, वरचीला खिडकीच नाही.

एकेकट्याच्या दोन केबिन घ्यायचा मोह होईल, पण तिथे टॉयलेट पलंगाखाली येतं. रात्री उठलं की एकतर पलंग वर करा, नाहीतर बोळातून सामाईक टॉयलेट गाठा. शॉवर तिन्हीत डब्याच्या टोकाला, सामाईक. स्लीपर प्लसच्या भाड्यात जेवण येतं. शाकाहाराचं तिकीट काढतानाच कळवा. कांदा-लसूण चालत नसेल तर तेही वेगळं सांगा. बरोबर कोरडी चटणी-चिवडा असू द्या, कस्टम्सला मात्र सगळं जाहीर करा.

उत्तर ३: वरच्यांत एवढी भर. मोठ्या बॅगा लगेज डब्यात जातात, वाटेत हाती लागत नाहीत. औषधं, स्वेटर, चार दिवसांचे कपडे लहान बॅगेत घ्या. तिथली वीज १२० व्होल्ट, पिना चपट्या. मोबाईल चार्जर अडॅप्टरवर चालतो. इथली किटली नेऊन उपयोग नाही, पाणी उकळता उकळत नाही.

घड्याळ वाटेत तीनदा एकेक तास मागे करावं लागतं. गोळ्यांच्या वेळा आधीच लिहून ठेवा. जास्पर सुटल्यावर उजवीकडची खिडकी धरा, ३,९५४ मीटरचा माउंट रॉबसन त्या बाजूला आहे. ढग असले तर तोही दिसत नाही, ती गोष्ट वेगळी. डोम डब्यातल्या (वर काचेचं छत असलेल्या) जागा राखीव नसतात, आणि वर जायला जिना आहे. आईंना ते जमेल का, हे बघून घ्या.

प्रश्नकर्ता: दोघांची केबिन पक्की, विमान दुसऱ्या दिवशीचं. खालची जागा आईला.