डेस्कटॉपला ४ टीबीच्या दोन डिस्क: रेड १ केलं की बॅकअप झाला का?

प्रश्न
विंडोज ११, सी ड्राइव्ह ५०० जीबी एनव्हीएमई (मदरबोर्डवर बसणारी एसएसडी). फोटो, व्हिडिओ आणि टॅलीचा डेटा मिळून साधारण दीड टीबी. ४ टीबीच्या दोन ३.५ इंची डिस्क रेड १ (RAID 1, दोन्हींवर एकच डेटा एकाच वेळी) मध्ये लावल्या तर वेगळा बॅकअप लागेल का? डिस्क बॅराकुडा घ्यावी की डब्ल्यूडी रेड प्लस (Red Plus)?

उत्तर १
लागेलच. रेड १ मध्ये एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, फायदा तेवढाच. चुकून उडवलेलं फोल्डर दोन्हींवरून त्याच क्षणी जातं, रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) दोन्ही लॉक करतं आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बिघडला तर दोन्ही एकदम जळू शकतात. एक डिस्क आत लावा, दुसरी यूएसबी केसमध्ये घालून कॉपी झाली की काढून ठेवा. केस १२ व्होल्टच्या अडॅप्टरवाली हवी, ३.५ इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या ५ व्होल्टवर फिरत नाही.

उत्तर २
आतली डिस्क सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढलेली) घ्या: रेड प्लस किंवा आयर्नवुल्फ. ४ टीबी बॅराकुडा (एसटी४०००डीएम००४) एसएमआर आहे. तिच्यात ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. मोठी कॉपी चालू असताना कॅश (डिस्कमधली तात्पुरती साठवण) भरली की वेग धाडकन पडतो. बाहेरच्या बॅकअपला मात्र ती खुशाल चालेल, पहिली कॉपी तेवढी रेंगाळेल. डब्ल्यूडीची नुसती ‘रेड’ आणि ‘रेड प्लस’ यांत गल्लत नको; २ ते ६ टीबीच्या नुसत्या रेड एसएमआर आहेत.

उत्तर ३
रोबोकॉपी (विंडोजमधली कॉपीची कमांड) वापरणार असाल तर /एमआयआर (/MIR) हा पर्याय जपून. मूळ जागी फाइल नसली की ते बॅकअपमधलीही उडवतं. सोर्सचा पाथ चुकून रिकाम्या फोल्डरचा दिलात तर बॅकअप साफ! /ई (/E, आतल्या फोल्डरांसह नुसती कॉपी) पुरेसं आहे. जुन्या आवृत्त्याही हव्या असतील तर विंडोजमधली फाइल हिस्टरी लावा, पण डी ड्राइव्हवरची फोल्डर आधी लायब्ररीत घाला, नाहीतर ती त्यात येतच नाहीत. टॅली उघडी असताना डेटा फोल्डर कॉपी करू नका. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट+वाय, मग बॅकअप; ती फाइल पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर घराबाहेरही असू द्या.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. रेड प्लस आणली, पण बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसत नाही. केबल बदलून पाहिली.

उत्तर २
सॅटा पोर्ट (मदरबोर्डवर डिस्कची केबल लागते ती जागा) बदला. बऱ्याच मदरबोर्डवर एम.२ स्लॉट (एनव्हीएमई बसते तो) भरला की एकदोन सॅटा पोर्ट बंद पडतात. कोणते, ते मॅन्युअलमध्ये असतं. दिसली की डिस्क मॅनेजमेंटमध्ये जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत) निवडा, जुन्या एमबीआरमध्ये २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. ३.६३ टीबी दिसेल, ते बरोबर आहे. ‘क्विक’ची खूण काढून फॉरमॅट करा. सात-आठ तास लागतील, पण खराब सेक्टर आत्ताच उघडे पडतील. मग क्रिस्टलडिस्कइन्फोत (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) ०५, सी५, सी६ (खराब सेक्टरांच्या नोंदी) यांची रॉ व्हॅल्यू शून्य हवी. यांपैकी काही वाढलेलं दिसलं तर डेटा न भरता डिस्क बदलून मागा. फक्त सी७ (डेटा पाठवतानाच्या चुकांची नोंद) वाढत असेल तर बहुधा केबलच खराब.