उष्णतेऐवजी अल्कोहोल

फोनमध्ये गोंदाने चिकटवलेली बॅटरी काढताना हेअर ड्रायरने तापवले की गोंद सैल होतो, हे म्हणणे खरे असले, तरी तीच उष्णता बॅटरीलाही पोहोचते, आणि लिथियम-आयन बॅटरी साधारण 60 अंश सेल्सिअसपुढे तापवणे धोक्याचे असते. नौपाड्यातील एका दुरुस्ती करणाऱ्याने माझ्यासमोर चार्ज 25 टक्क्यांखाली आणून, फोन बंद करून, आधी बॅटरीचा कनेक्टर (बॅटरी फोनला जोडणारा प्लग) सोडवला. मग बॅटरीच्या कडेने, गोंद सैल करणाऱ्या 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार-पाच थेंब सोडून तो तीन मिनिटे नुसता थांबला (आपल्याला नेमके हेच जमत नाही). त्यानंतर जुन्या प्लास्टिक कार्डाने बॅटरी न वाकता सुटली. हा द्रव ज्वलनशील असल्याने त्यानंतर ड्रायर मात्र अजिबात लावू नये.