मेकॅनिकल आणि आयटी
मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं तरी शेवटी आयटीतच जावं लागतं, असं बरेच जण म्हणतात; ते मला पटत नाही. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नसेल, पण बॅटरीचं कूलिंग, सस्पेन्शन, ब्रेक, चासी (गाडीचा सांगाडा) आणि हे सगळं घडवणारे डाय-मोल्ड म्हणजे साचे, हे मेकॅनिकलवाल्याचंच काम. त्यामुळे हीट ट्रान्सफर, म्हणजे उष्णता कशी वाहते हा विषय, पास होण्यापुरता करू नका.

सुरुवातीचा पगार बहुधा आयटीपेक्षा कमी असतो, हे खरं. मी चाकणच्या कारखान्यात पहिली दोन वर्षं क्वालिटीत (मालाच्या तपासणीत) काढली, तीन शिफ्टमध्ये. पण ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) का दिलाय, बोअर (बेअरिंग बसवायचं भोक) ०.०२ मिमीने मोठा झाला तर बेअरिंग सैल का बसतं, हे तिथेच कळलं. पुढे डिझाइनला आल्यावर त्याचा फार उपयोग झाला. म्हणून कळकळीने सांगतो, नुसता कॅडचा (कॉम्प्युटरवर डिझाइन करण्याचा) क्लास लावून थांबू नका. लेथ मशीनवर उभे राहा, बारीक मापं घेणारा मायक्रोमीटर हाताळा. डिप्लोमा करून थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचा हात इथे आधीच बसलेला असतो.

टूलिंगची (साचे-हत्यारं बनवण्याची) आवड असेल तर संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम ही प्रशिक्षण संस्था बघा. सरकारी क्षेत्र हवं असेल तर तिसऱ्या वर्षापासून गेट या इंजिनिअरिंगच्या परीक्षेची तयारी सुरू करा, एनटीपीसीसारख्या सरकारी वीज कंपन्या भरतीत तो स्कोअर धरतात.